'च'चं ओझं

साखर कारखान्याच्या गावात दिवस घड्याळापेक्षा भोंग्यावर चालतो. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर हे असंच गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथे उभा राहिला आणि उसाच्या फडांमध्ये कामगारांची वस्ती वाढली. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी अकलूज सोडते, माळीनगरला उभं रिंगण होतं आणि श्रीपूरवरून ती बोरगावच्या मुक्कामाला जाते. ते दिवस सोडले, तर इथलं वर्ष गळीत हंगामाला बांधलेलं असतं.

या प्रकरणासाठी अशा गावातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. ते कुणा एका कुटुंबाचं नाही. समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या गोष्टींतून ते रचलं आहे.

या घरात तीन बायका राहतात. सासूबाईंचे यजमान चाळीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर होते. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि ते गेले. अजूनही पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्या उठतात आणि चहाचं आधण ठेवतात, दोन कपांचं. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहाटे उठून ती सगळ्यांचे डबे करते, रात्री बारापर्यंत वह्या तपासते आणि एखादी पोळी वातड झाली तर दिवसभर मनात कुढत राहते. सासूबाईंच्या मुलीचं लग्न ठरलंय. होणारा नवरा चाकणला कंपनीत आहे. तिने पाठवलेला मेसेज त्याने वाचला आणि लगेच उत्तर दिलं नाही, तर तिच्या पोटात गोळा येतो.

तिघींची दुखणी वेगळी दिसतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांतही ती वेगवेगळ्या प्रकरणांत असतात: परिपूर्णतेचा ध्यास, नात्यातली असुरक्षितता आणि शोक. पण घर एकच आहे आणि जे घडलं तेही एकच. घरातला कर्ता माणूस गेला. सुनेला वाटलं, आता मी जराही ढिली पडले तर हे घर कोसळेल. मुलीला वाटलं, 'येतो' म्हणून बाहेर पडलेलं माणूस परत येईलच असं नाही. सासूबाईंना काय वाटलं, ते कुणी विचारलंच नाही.

एक अक्षर

'माझं काम चांगलं व्हावं' आणि 'माझं काम चांगलं झालंच पाहिजे' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहा. पहिलं म्हणताना खांदे सैल असतात, दुसरं म्हणताना जबडा आवळला जातो. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात हुकूम. दोन्हींमधला फरक त्या एका 'च'ने घडवला आहे.

या फरकावर ज्याने एक अख्खी उपचारपद्धती उभी केली, तो माणूस अमेरिकेतला होता. अल्बर्ट एलिस यांचा जन्म 1913चा. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारामुळे ते वरचेवर रुग्णालयात असायचे आणि आईवडील क्वचितच भेटायला यायचे. तरुणपणी त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की तिच्याशी बोलायचं. महिनाभरात ते सुमारे शंभर जणींशी बोलले. भेटायला यायचं एकीनेच कबूल केलं, तीही आली नाही. तरी त्यांची भीती गेली, कारण जे घडू नये म्हणून ते घाबरत होते ते शंभर वेळा घडलं आणि त्यातून ते सुखरूप बाहेर आले.

1955 मध्ये एलिस यांनी आपली पद्धत मांडली. तिचा गाभा असा: घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही. घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार असतो. तो विचार हट्टी असेल तर भावना माणसाला जखडते, लवचीक असेल तर दुःख होऊनही माणूस हालचाल करू शकतो. प्राचीन काळातला तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्याकडून ही दृष्टी घेतल्याचं एलिस मोकळेपणाने सांगत. हट्टी विचारांची त्यांनी तीन मुळं सांगितली. मी उत्तम कामगिरी केलीच पाहिजे. इतरांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे. जग मला सोयीचं असलंच पाहिजे. मी, तू आणि जग, तिन्हींच्या मागे 'च'.

ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली ती मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ते त्यांचे शिष्य होते आणि वेळप्रसंगी शंका घेणारे टीकाकारही. मराठीत ही पद्धत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून ओळखली जाते. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे ती सर्वसामान्य वाचकांच्या घरात पोचली. 1990 मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी हे फडके यांच्या परंपरेतले. त्यांनी लेखन, व्याख्यानं आणि शिबिरांतून हीच भाषा गावोगाव नेली. इंग्रजीतल्या 'मस्ट'साठी मराठीला वेगळा शब्द शोधावा लागला नाही. आपल्याकडे तो एका अक्षरात तयार होता.

सून: मी केलंच पाहिजे

नीटनेटकं काम करणं हा आजार नाही. रांगोळीची रेघ सरळ यावी म्हणून झटणाऱ्या हाताला त्यात आनंद असतो. प्रश्न सुरू होतो तो रेघ वाकडी आली की 'मी वाकडी' असं वाटायला लागतं तेव्हा. म्हणजे कामाचा दर्जा हीच स्वतःची किंमत ठरते.

कॅनडातले मानसतज्ज्ञ पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या ध्यासाचे तीन चेहरे दाखवले. स्वतःकडून ठेवलेली अपेक्षा, दुसऱ्यांकडून ठेवलेली अपेक्षा, आणि 'लोकांची माझ्याकडून तशी अपेक्षा आहे' ही समजूत. तिसरा चेहरा सर्वांत जाचक असतो. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 40 हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र तपासली. तिन्ही चेहरे वाढलेले दिसले आणि सर्वांत जास्त वाढला होता तो तिसराच. आपल्याकडच्या सुनेला हा तिसरा चेहरा समजावून सांगावा लागत नाही. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आलेली असते.

उपचारात तिच्या हाती एक साधी शंभर पानी वही दिली जाते. डाव्या पानावर घडलेला प्रसंग आणि त्या वेळी मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं. उजव्या पानावर तीन प्रश्न. याला पुरावा काय? हे तर्काला धरून आहे का? आणि असं मानून माझं भलं होतंय का? तिच्या वहीतली पहिली नोंद अशी असू शकेल: 'भाजीत मीठ कमी पडलं. मला साधा स्वयंपाकही जमत नाही.' पुरावा शोधताना ती लिहिते, की गेल्या महिन्यात साठ वेळा भाजी केली, मीठ दोनदा चुकलं. दुसऱ्या दिवशी ती वही समुपदेशक बाईंपुढे ठेवते आणि म्हणते, "मॅडम, हे मला कळतं. पण वळत नाही."

वळण्यासाठी कृती लागते. एलिस स्वतः बागेत गेले होते ते याचसाठी. म्हणून सुनेला एक प्रयोग दिला जातो. आठवड्यातून एक काम मुद्दाम अर्धवट सोडायचं. सोडण्याआधी वहीत लिहायचं, की काय होईल असं वाटतंय. नंतर लिहायचं, की प्रत्यक्षात काय झालं. एका रात्री ती वह्यांचा गठ्ठा तसाच ठेवून झोपते. अंदाज लिहिलेला असतो: 'मुख्याध्यापक बोलतील, पोरं मागे पडतील, मला झोप लागणार नाही.' सकाळची नोंद: 'झोप उशिरा लागली. कुणी काही बोललं नाही.' अशा दहा-बारा नोंदी झाल्या, की वहीतला पुरावा मनातल्या हुकमापेक्षा जड व्हायला लागतो.

या उपचाराचा हेतू तिला निष्काळजी करण्याचा नाही. बालमानसतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी 'पुरेशी चांगली आई' अशी कल्पना मांडली होती. आईने मुलाची प्रत्येक गरज क्षणात पुरवली, तर मुलाला जग कळतच नाही. तिच्या थोड्याथोडक्या चुकांतून, जरा उशिरा येण्यातून ते वाढतं. सुनेला समजून घ्यायचं ते हेच, की पुरेसं चांगलं ही खालची पायरी नाही. माणसांच्या घरात तीच नांदण्याजोगी जागा आहे.

मुलगी: त्याने मला सोडून जाताच कामा नये

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी दाखवून दिलं, की तान्ह्या मुलाला आईची ओढ केवळ दुधासाठी नसते. धोका जाणवला की धावत जाण्यासाठी त्याला एक सुरक्षित माणूस लागतं. मेरी एन्सवर्थ यांनी मुलांचं निरीक्षण करून या ओढीचे प्रकार सांगितले. काही मुलं आई परत आली की शांत होऊन पुन्हा खेळायला लागतात. काही आई समोर असूनही तिला घट्ट धरून रडत राहतात, पुन्हा जाईल या भीतीने. सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी 1987 मध्ये मांडलं, की मोठ्या माणसांच्या प्रेमातही हेच नमुने उमटतात.

मुलगी त्याला दिवसातून वीस वेळा विचारते, "पोचलास का? रागावलास का? खरं सांग." त्याचं उत्तर आलं की पाच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. खाजेसारखं आहे हे. खाजवलं की सुख होतं आणि कातडी आणखी हुळहुळी होते. खात्री मागण्याने खात्री मिळत नाही, मागायची सवय तेवढी पक्की होते.

समुपदेशक इथे आधी एक गोष्ट तपासतात: भीती खरी तर नाही? तो माणूस तिच्या फोनचा पासवर्ड मागत असेल, कुठे गेलीस याचा हिशेब घेत असेल, मैत्रिणी तोडायला लावत असेल, हात उगारत असेल, तर तिची अस्वस्थता हा मनाचा दोष नाही, ती धोक्याची सूचना आहे. तिथे विचार बदलायला सांगणं हा अन्याय ठरेल. तिथे 181 ही महिला हेल्पलाइन कामाची, आणि एका घरात राहणाऱ्यांच्या बाबतीत 2005चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही.

धोका नसेल, तर कामाची सुरुवात वाट पाहण्यापासून होते. मेसेज टाइप करायचा, पण पाठवायच्या आधी वीस मिनिटं थांबायचं. त्या वीस मिनिटांत शरीरात काय होतं ते पाहायचं: छातीतली धडधड, कोरडा घसा, थंड पडलेले हात. ही लाट चढते तशी उतरतेही, हे पुस्तकातून पटत नाही, अंगावर घेतल्यावर पटतं. दुसरं शिकायचं ते सरळ मागणं. रुसून, टोमणा मारून, मुद्दाम फोन न उचलून परीक्षा घेण्यापेक्षा "रात्री नऊला दहा मिनिटं बोललास तर मला बरं वाटेल," हे एक वाक्य. त्यात इच्छा आहे आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीकही.

पाचव्या-सहाव्या भेटीत ती वडिलांबद्दल बोलते. त्या सकाळी ती अभ्यासात होती. बाबा "येतो गं" म्हणाले आणि तिने मान वर न करता "हं" म्हटलं. तेव्हापासून तिला प्रत्येक निरोप शेवटचा वाटतो. तिच्या वीस मेसेजांचा उगम चाकणला नसून घराच्या उंबऱ्यावर आहे. हे उलगडलं, की ती होणाऱ्या नवऱ्याकडे मागत होती ते त्याला देणं शक्यच नव्हतं, हे तिचं तिलाच कळतं.

सासूबाई: इथे 'च' काढायचा नसतो

आतापर्यंतची युक्ती शोकापाशी येऊन थांबते. 'ते परत यावेत' या इच्छेत हट्ट शोधणं क्रूर आहे. प्रेमाचं माणूस गेलं की दुःख होणारच, आणि हा 'च' खरा आहे.

एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या 1969च्या पुस्तकामुळे दुःखाच्या पाच पायऱ्या जगभर प्रसिद्ध झाल्या. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. पण ते पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर उभं होतं. मागे राहिलेल्यांचं दुःख असं पायरी-पायरीने उतरत नाही. 1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी मांडलेलं चित्र आपल्या अनुभवाच्या अधिक जवळ जातं. शोकातलं माणूस झोक्यासारखं दोन बाजूंना जात असतं. एकदा आठवणींकडे आणि रडण्याकडे, एकदा किराण्याच्या यादीकडे, पेन्शनच्या कागदांकडे, नातवाच्या डब्याकडे. दोन्ही बाजू हव्यात. झोका एकाच टोकाला अडकला, की दुखणं वाढतं.

मग दोन वर्षांनीही ठेवला जाणारा तो चहा? मुलाला काळजी वाटते, की आई भ्रमात तर नाही. त्या भ्रमात नाहीत. यजमान गेले हे त्या पक्कं जाणतात. त्या जेवतात, झोपतात, देवळात जातात, नातवाबरोबर हसतात. मृत माणसाशी नातं तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा जुना समज 1996 नंतर अभ्यासकांनीच मागे टाकला. नातं रूप बदलून सोबत राहतं. आपण श्राद्धाला पान वाढतो आणि कावळ्याची वाट पाहतो, त्यात ही समज केव्हापासूनच आहे.

मात्र काहींच्या बाबतीत काळ थांबतो. तीव्र ओढ आणि वेदना रोजचं जगणंच ठप्प करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात याला दीर्घकालीन शोकविकार म्हटलं आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेने 2022 मध्ये प्रौढांसाठी ती एक वर्ष ठेवली. अशा वेळी शोकासाठीचा स्वतंत्र उपचार लागतो, कधी औषधंही लागतात, आणि ती डॉक्टरच देऊ शकतात.

सासूबाईंना दुःखापेक्षा एक गोष्ट जास्त टोचत होती. "त्यांना दवाखान्यात चला म्हणून मी हट्टच धरायला हवा होता. मीच घात केला." यासाठी समुपदेशक कागदावर एक मोठं वर्तुळ काढतात. ही भाकरी समजा. तुमच्या यजमानांच्या मृत्यूला काय काय कारणीभूत होतं, त्याचे तुकडे पाडू. हृदयाच्या नसा. तंबाखू. आदल्या रात्रीचं दुखणं त्यांनी लपवलं, तो तुकडा. दवाखान्याचं अंतर. ज्याची त्याची वाटणी झाल्यावर शेवटी त्यांचा स्वतःचा तुकडा. त्या बोट ठेवतात तो चतकोरही नसतो. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहतात. मग दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडतात.

गावाचा 'च'

प्रत्येक 'च' मनात तयार होत नाही. काही गावाने लादलेले असतात. नवरा गेला की कुंकू पुसलंच पाहिजे, बांगड्या फोडल्याच पाहिजेत, हळदीकुंकवाला जाताच कामा नये. ज्या बाईचं जग नुकतंच कोसळलं, तिला त्याच दिवशी अशुभ ठरवलं जातं. हा भार तिने वहीत लिहून कसा हलका व्हावा?

याविरुद्धची चळवळ सोलापूर जिल्ह्यातूनच उठली. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी कोविडच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीचे हाल पाहिले आणि विधवा प्रथा बंद करण्याची मोहीम हाती घेतली. माझ्या मृत्यूनंतर पत्नीवर हे विधी लादू नयेत, असं त्यांनी स्टँप पेपरवर लिहून दिलं. त्यांच्या प्रयत्नांना प्रतिसाद देत मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मला हा ठराव मानसोपचाराचाच भाग वाटतो. बाईला धीर धरायला शिकवणं चांगलं, आणि तिला इजा करणारा हात थांबवणं त्याहून निकडीचं.

ऐकणारं कोण?

आपल्या आज्या-पणज्यांना समुपदेशक नव्हते, पण जातं होतं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसत, खुंटा फिरे आणि सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराचं दुःख ओवीतून बाहेर पडे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, बाईच्या खांद्यांचं दुखणं कमी झालं, ते चांगलंच झालं. पण तिच्या बोलण्याची जागाही गेली आणि तिथे दुसरं काही आलं नाही.

ती जागा पुन्हा उभी करता येते, याचे दाखले आपल्या आसपास आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' या प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. गोव्यात 'संगाथ' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. तीव्र नैराश्यातून तीन महिन्यांत 64 टक्के लोक सावरले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मात्र दिसलं, की वेगवेगळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

श्रीपूरसारख्या गावातून सुरुवात फोनने करता येते. 14416 हा 'टेलि-मानस'चा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास असतो आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर वाट न पाहता हाच नंबर लावावा आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगावं. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारातली गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. चांगल्या समुपदेशकाची खूण अशी, की तो उपदेश कमी करतो, विचारतो जास्त, आणि पहिल्याच भेटीत 'सगळं ठीक होईल' असं वचन देत नाही.

आपल्या घरात सहा महिन्यांनी चमत्कार झालेला नाही. मुलगी अजून कधीकधी फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालते, पण रात्री नऊची वाट पाहू शकते. सुनेच्या वहीची चाळीस पानं भरली आहेत.

भोंगा होतो. सासूबाई उठून दोन कपांचं आधण ठेवतात. सून कणीक मळत असते. ती हात धुते, अर्धवट मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकते आणि म्हणते, "आत्या, आज तो कप मी घेऊ?"

सासूबाई कप पुढे करतात आणि बॉयलरवरच्या त्या माणसाची एक जुनी गोष्ट सांगायला लागतात. मुलगी आतून येऊन उंबऱ्यावर बसते. कणीक ओट्यावर तशीच राहते.